वेंगुर्ला आणि आंबोली: आधी बंदर, मग घाट

बेळगावातून हिंडलग्याकडे जाणारा रस्ता आपण सगळेच वेंगुर्ला रोड म्हणतो. लग्नपत्रिकेत लिहितो, रिक्षावाल्याला सांगतो. पण त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन मुक्काम केलेली माणसं विचारली, तर आमच्या गल्लीत दोन घरंसुद्धा निघत नाहीत. सुट्टी लागली की गाडी चोर्ल्यातून गोव्याला. वेंगुर्ला फार तर गोव्याहून येताना शिरोड्यावरून डोकावून जाण्यापुरता. आणि आंबोली म्हणजे जुलैतल्या रविवारी धबधब्याखाली भिजून, मक्याचं कणीस खाऊन संध्याकाळी परत.

माझं शहापुरात कोकम, काजू आणि मसाल्याचं दुकान आहे. माल बराचसा तिकडूनच येतो, त्यामुळे वेंगुर्ला-सावंतवाडीशी माझा रोजचा फोन. तरी बंदर नीट पाहायचं राहिलं होतं. यंदा दसरा आटोपल्यावर आमचे हे, सासूबाई आणि मी, असे तिघे मुक्कामाला गेलो. राहायची सोय, जेवण, पाहायच्या जागा, सगळ्यावर सविस्तर लिहिते, कारण शोधायला गेलं की गोव्याबद्दल ढीगभर मिळतं आणि वेंगुर्ल्याबद्दल चार ओळी.

पहिली गोष्ट क्रमाची. आंबोली बेळगावहून सत्तरेक किलोमीटरवर, वाटेतच लागते, म्हणून सगळे आधी तिथे थांबतात. माझं म्हणणं, थांबू नका. सरळ घाट उतरून वेंगुर्ल्याला जा आणि आंबोलीचा मुक्काम परतीला ठेवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर आहे आणि आंबोली 690 मीटरवर. म्हणजे आपण थंड हवेच्या ठिकाणी जातो म्हणतो, पण जातो ते आपल्याच पातळीवरून, किंबहुना थोडं खालीच. शिनोळी, पाटणे फाटा, चंदगड तालुक्यातली भाताची खाचरं, काजूच्या बागा असं करत सपाटीवरून आंबोलीत पोचलं की गाव उंचावर आहे असं वाटतच नाही. समुद्रावर राहून, घाम गाळून, मग खालून वर चढलात की तीच आंबोली वेगळी दिसते. गाडीच्या काचा खाली होतात, पंखा बंद होतो, सासूबाई शाल मागतात.

शिनोळी आली की दुकानांच्या पाट्या मराठीत होतात. 1956 पर्यंत बेळगाव आणि वेंगुर्ला दोन्ही मुंबई राज्यात होते, नंतर या रस्त्यावर मध्येच राज्याची हद्द आली. पाट्या बदलल्या की सासूबाई दर वेळी मोठ्यानं वाचायला लागतात, या वेळीही वाचल्या.

सावंतवाडीत फार थांबलो नाही. मोती तलावाच्या काठावर चहा घेतला आणि चितार आळीत नातवासाठी लाकडी फळांची परडी. तिथली खेळणी घ्यायची असतील तर हातात घेऊन वजन बघा, जड आणि रंग न सुटणारं घ्या.

वेंगुर्ल्यात एका घरगुती निवासात राहिलो. समुद्र चालत दहा मिनिटांवर, मागे माड आणि पोफळी, पुढे शेणानं सारवलेलं खळं. खोल्या साध्या, पण गाद्यांवरच्या चादरी उन्हात वाळवलेल्या, संडास-बाथरूम कोरडं आणि स्वच्छ, प्यायचं पाणी उकळून गार केलेलं. एसीची खोली एकच आहे, आम्ही घेतली नाही. ऑक्टोबरात दुपारी उकडतं हे खरं, बेळगावच्या माणसाला तर जास्तच. रात्री मात्र समुद्राचं वारं येतं. घरच्या काकूंनी दारातच विचारलं, ‘खंयसून इलास?’ बेळगाव म्हटल्यावर त्यांच्या नात्यातलं कोण कुठे कॅम्पात, कोण टिळकवाडीत, सगळं निघालं. जुन्या काळी इथली मुलं पुढच्या शिक्षणाला आणि नोकरीला बेळगावलाच यायची, असं त्या म्हणाल्या.

जेवणासाठी ही जागा मी कुणालाही सांगेन. आम्ही सुरमई मागितली तर काकू म्हणाल्या, ‘सुरमय कालची आसा. बांगडो आजचो. बांगडोच खावा.’ महाग मासा सोडून स्वस्त मासा खायला सांगणारी माणसं मी हॉटेलात पाहिलेली नाहीत. बांगड्याचं तिखलं केलं होतं. दाट, लालसर, वर खोबरेल तेलाचे थेंब, आणि तिरफळं. तिरफळ मी दुकानात विकते, पण ते कसं वापरायचं ते इथे कळतं. काकू आधी बिया काढून टाकतात, नुसत्या साली हलक्या हातानं ठेचतात आणि कालवणाला शेवटची उकळी यायच्या बेतात घालतात. आधी घातलं तर कडवटपणा उतरतो. ठेचलेली साल तशीच वर तरंगायला हवी, खाताना ती बाजूला काढायची. जिभेला बारीक मुंग्या येतात आणि बांगड्याचा उग्र वास कुठल्या कुठे जातो. सोबत उकड्या तांदळाचा भात, तांदळाची भाकरी, आणि सोलकढी. सोलकढी आगळाची, म्हणजे कोकमाच्या मीठ घातलेल्या रसाची होती, आमसुलं भिजवून केलेली नव्हती, ते रंगावरूनच कळलं. सासूबाई मासे खात नाहीत, त्यांच्यासाठी अळूचं फदफदं आणि काळ्या वाटाण्याची आमटी वेगळी शिजवली, वेगळ्या भांड्यात, न सांगता. सकाळी घावणे आणि नारळाचा रस. एका माशाच्या ताटाला तीनशेच्या आत पडले. ओल्या काजूची उसळ हवी असेल तर मात्र फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये यावं लागतं, एरवी मिळते ती सुके काजू भिजवून केलेली.

महिन्याचंही सांगते. 1 जून ते 31 जुलै समुद्रात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताजा मासा म्हणून पुढ्यात येतो तो खाडीचा तरी असतो नाहीतर बर्फातला. दसरा ते दिवाळी हा काळ आम्हांला फार चांगला वाटला. मासा सुरू झालेला, आंबोलीच्या धबधब्यांना थोडं पाणी राहिलेलं, आणि गर्दी ओसरलेली.

आता डच वखार. वेंगुर्ल्याला जायचं खरं कारण माझ्या मते हेच, आणि जीव तुटतो तोही इथेच.

1637 मध्ये डचांनी विजापूरच्या आदिलशाहीकडून वेंगुर्ल्यात वखार घालायची परवानगी मिळवली. तेव्हा हे गाव विजापूरच्या मुलखात होतं. गोवा पोर्तुगिजांकडे, आणि डचांची जहाजं त्या बंदराची नाकेबंदी करून बसायची. त्या जहाजांना पाणी, तांदूळ, सरपण पुरवायचं आणि पोर्तुगिजांच्या हालचालींवर नजर ठेवायची, यासाठी वेंगुर्ला. फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए या बाजूला आला होता, त्यानं इथल्या चांगल्या पाण्याची, तांदळाची आणि वेलचीची नोंद केली आहे. पुढे 1664 मध्ये आणि 1675 मध्ये असं दोनदा गाव जळालं. शिवाजी महाराज, मोगल, सावंतवाडीचे सावंत, सगळ्यांची या बंदरावर नजर होती, कारण जकात इथे गोळा व्हायची. 1812 मध्ये सावंतवाडीच्या राणीनं ते इंग्रजांच्या हवाली केलं. आणि 1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला, तिथे छावणी बसली, तेव्हा त्या छावणीला लागणारा माल उतरायला हे बंदर आयतंच हाताशी होतं.

म्हणून आपल्याकडे गणेशपूरच्या बाजूला रामघाट रोड आहे. आधीची वाट रामघाटानं उतरायची, मग आंबोलीचा घाटरस्ता झाला. दारूगोळा, मीठ, नारळ, सुकी मासळी वर यायची आणि घाटावरचा कापूस खाली जायचा. 1888 च्या सुमाराला मुरगाव बंदरापासून घाटावर रेल्वे आली आणि माल तिकडे वळला. वेंगुर्ल्याची भरभराट तिथून उतरत गेली. हे सगळं वाचून गेलात तर वखारीच्या पडक्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर पोटात काहीतरी हलतं. नाहीतर चार पडके दगड.

वखार जांभ्या दगडाची आणि चुन्याची. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात माझ्या सासूबाई पाय वर घेऊन आरामात बसल्या असत्या. मी बसू दिलं नाही, वर चिरा सैल झालेला दिसत होता. कमानी अजून उभ्या आहेत. छप्पर नाही. भिंतींतून वड-पिंपळाची मुळं शिरलेली, आणि एका जागी मुळानं चिरा सरळ बाहेर ढकललाय, त्याच्या मागचा चुना हात लावला की पिठासारखा गळतो. आत गवत कमरेएवढं. इतिहास सांगणारा धड फलक नाही, होता त्यावरची अक्षरं उन्हानं गेलेली. कुणी तरी भिंतीवर आपलं आणि प्रेयसीचं नाव कोरून ठेवलंय. संरक्षित स्मारकाची ही दशा बघवत नाही. एवढी जुनी डच इमारत आपल्या भागात दुसरी कुठे उभी आहे? गवत काढायला, मुळं तोडायला आणि चार ओळींचा फलक लावायला फार मोठा निधी लागत नाही. जाणाऱ्यांनी बूट घालून जावं, पावसाळ्यात आणि लगेच नंतर आत शिरू नये, साप असतात. गुडघे दुखणाऱ्यांनी बाहेरूनच पाहावं.

तिथून बंदरावर गेलो. होड्या लागत होत्या, मासे उतरवून टोपल्यांत वाटणी चालली होती. दीपस्तंभाच्या टेकडीवर आमचे हे आणि मी दोघंच चढलो. वरून समोर खडकांची बेटं दिसतात, वेंगुर्ला रॉक्स. जुने खलाशी त्यांना बर्न्ट आयलंड म्हणायचे. त्या खडकांतल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची, या लहानशा पक्ष्यांची, मोठी वसाहत आहे. त्या लाळेची घरटी बांधतात, आणि ती घरटी परदेशात खाण्यासाठी विकली जातात म्हणून चोऱ्याही झाल्या आहेत. बेटावर न्यायला कुणी तयार असला तरी जाऊ नका, लांबून दिसतात तेवढं पुरे. नवाबागेचा झुलता पूल फोटोवाल्यांनी गजबजलेला असतो, संध्याकाळी पाचच्या आत जा. गाव मात्र स्वच्छ. कचरा वेगळा करण्यात वेंगुर्ले नगरपरिषदेचं नाव झालेलं आहे आणि ते बाजारातून फिरताना दिसतं. आपल्या बेळगावच्या भाजी मार्केटमधून गेलेल्या माणसाला ते लगेच जाणवतं.

बाजाराबद्दल थोडं अधिक, कारण हा माझा प्रांत. वेंगुर्ल्यात कोकण कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. रत्ना आणि सिंधू हे आंबे तिथले, आणि काजूच्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या जाती तिथल्याच. चंदगड आणि खानापूर तालुक्यांत आज जी काजूची कलमं दिसतात त्यांत वेंगुर्ला-4 आणि 7 पुष्कळ. वेंगुर्ला-7 ची बी मोठी, गर डब्ल्यू-180 प्रतीचा, म्हणजे एका पौंडात 180 च्या आसपास अख्खे गर बसतात. डब्ल्यू-320 म्हणजे लहान गर. आकडा जितका कमी तितका काजू मोठा आणि भाव जास्त. हे माहीत नसलं की गिऱ्हाईक पाकिटावरचा मोठा आकडा बघून खूश होतं. बाजारात सालासकट भाजलेला काजू घ्या, तो घरच्या भट्टीतला असतो आणि साल बोटानं चोळली की सुटते. सुटत नसेल तर नीट वाळलेला नाही, महिन्याभरात खवट होईल. आमसूल दाबून बघा. मऊ, काळपट आणि किंचित चिकट हवं. खडखडीत लाल असेल तर गेल्या साली वाळवलेलं आहे. आगळ काचेच्या बाटलीत घ्या आणि मीठ किती घातलंय ते विचारा, कारण सोलकढीत पुन्हा मीठ घातलं की खारट होते. बाजारातल्या दोन बायकांनी मला घासाघीस न करता योग्य भाव सांगितला. एका मोठ्या दुकानात तोच काजू किलोमागे शंभरानं जास्त होता, चव तीच.

परत येताना घाट. खालून वर येताना वळणावळणाला हवा बदलते. माकडं रस्त्यावर बसलेली असतात, त्यांना चिप्स टाकू नका. गाडी थांबवून टाकणाऱ्यांमुळे मागे रांग लागते आणि माकडंही गाड्यांखाली येतात.

आंबोलीतला आमचा निवास निराशाजनक होता. फोनवर गरम पाणी चोवीस तास सांगितलं, प्रत्यक्षात सकाळी एक बादली. गादी ओलसर, टॉवेलला कुबट वास. आंबोलीत वर्षाला साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे दमटपणा असणारच. पण त्याच गावात चहा प्यायला थांबलो त्या घरातल्या बाई सांगत होत्या की त्या पावसाळाभर चुलीच्या उबेवर पांघरुणं वाळवतात. करणाऱ्याला करता येतं. पैसे पूर्ण आधी घेतले होते, त्यामुळे सोडून जाताही आलं नाही. माझा सल्ला, खोली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि गादी हातानं दाबून बघा. शनिवार-रविवार तर टाळाच. शनिवारी रात्री शेजारच्या खोल्यांतल्या मुलांनी गाडीचे स्पीकर लावून दीड वाजेपर्यंत नाच केला आणि सकाळी धबधब्याच्या वाटेवर बाटल्यांच्या काचा. इथे आंबोलीचाच म्हणून ओळखला जाणारा एक भेक आहे, मलबार चापडा साप आहे, जगभरातून अभ्यासक त्यांच्यासाठी येतात. त्या ओहोळांत काचा टाकणाऱ्यांना दंड व्हायला हवा, आणि जबर व्हायला हवा.

एवढं सगळं विसरायला लावलं ते हिरण्यकेशीनं. गावापासून थोड्या अंतरावर, झाडीतून पायऱ्या आणि पायवाट. गुहेतून पाणी येतं, समोर कुंड, आणि लहानसं देऊळ. ही हिरण्यकेशी पुढे आजरा, गडहिंग्लज करत आपल्या संकेश्वरला येते, मग घटप्रभेला मिळते. सासूबाईंचं माहेर संकेश्वर. लहानपणी ज्या नदीत कपडे धुतले, पोहायला शिकल्या, तिचं मूळ त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. त्या गुहेच्या तोंडाशी वाकल्या, ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांना लावलं, आणि म्हणाल्या, ‘एवढीशी होय गं ही?’ मग बराच वेळ तिथून उठेनात.

त्या कुंडात एक छोटा मासा आहे. 2020 मध्ये तो नवीन जात म्हणून नोंदला गेला, नाव शिस्टुरा हिरण्यकेशी. तिथले लोक त्याला देवाचा मासा म्हणतात. बोटाएवढा, अंगावर पट्टे, तळाच्या दगडांना चिकटून राहणारा. 2021 मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. सासूबाईंना कुंडात हळद-कुंकू, फुलं सोडायची होती. देवळातल्या माणसानं हात जोडून सांगितलं, आजी, फुलं देवापुढं ठेवा, पाण्यात नको. त्यांनी ऐकलं. साबण, शाम्पू, प्रसादाची पाकिटं, काहीच पाण्यात जाऊ नये.

कावळेसादला दरी पाहिली, धुकं होतं, पाच मिनिटं फाटलं तेवढ्यात खाली कोकण दिसलं. तिथे रेलिंगच्या पलीकडे जाऊन फोटो काढणारी मंडळी आहेतच, मुलांचा हात सोडू नका. महादेवगड पॉइंटला जाण्याइतका वेळ उरला नाही. सावंतवाडीचा इंग्रज पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यानं एकोणिसाव्या शतकात आंबोलीला थंड हवेचं ठिकाण केलं, तेव्हा बंदर आणि छावणी यांच्या मधला हा विसावा होता. आजही तो विसावा म्हणूनच वापरावा, एका रात्रीचा.

बेळगावहून सावंतवाडीकडे एसटी आहेत, ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी अडून बसायचं कारण नाही. सावंतवाडीहून वेंगुर्ल्याला पुढची बस मिळते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जात असाल तर वेंगुर्ल्यात निदान दोन रात्री ठेवा, एका रात्रीत बाजार आणि बंदर दोन्ही होत नाही. घरगुती निवासात जेवण आदल्या दिवशी सांगावं लागतं. मासे न खाणारे किती, तेही तेव्हाच सांगा. वेंगुर्ल्याच्या निवासाला आणि जेवणाला मी पाचांपैकी पाच देईन. आंबोलीतल्या आमच्या निवासाला एक. वखारीला आकडा देत नाही. तुम्ही जा, पाहा, आणि परत आल्यावर दुरुस्तीसाठी एक अर्ज जरूर पाठवा, मी माझा पाठवला आहे.